डावललेला हात

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी आमच्या घरी आकाशकंदील करायचा बेत असतो. सिंगापूरच्या लिटल इंडियात हवे तेवढे तयार कंदील मिळतात, तरी घोटीव कागद, काड्या आणि खळ घेऊन जमिनीवर पसारा मांडल्याशिवाय आम्हाला दिवाळी आल्यासारखी वाटत नाही. गेल्या वर्षी झिरमिळ्या कापायचं काम सात वर्षांच्या लेकीकडे होतं. ती डावखुरी आहे. तिच्यासाठी आणलेल्या कात्रीच्या वेष्टनावर 'डाव्या-उजव्या दोन्ही हातांसाठी' अशा अर्थाचं वाक्य ठळक अक्षरांत छापलेलं होतं. तिने डाव्या हातात कात्री घेतली, कागद पात्यांत सरकवला आणि मूठ मिटली. कागद कापला गेला नाही. पात्यांच्या मध्ये दुमडून अडकला.

"नीट धर गं," मी म्हटलं. दुसऱ्यांदाही हेच म्हटलं, जरा चढ्या आवाजात. तिसऱ्या वेळी खुर्चीत बसलेली आई म्हणाली, "तिला रागावू नकोस. कात्रीच तिची नाहीये."

आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तीही जन्माची डावखुरी. आमच्या घरात ही गोष्ट "लहानपणी डावरी होते, मग सुधारले" अशा एका वाक्यात सांगितली जायची आणि तिथेच संपायची. मी उजवी. डावखुऱ्या आईची मुलगी आणि डावखुऱ्या मुलीची आई असूनही कात्रीला हात असतो, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. त्यामुळे हा लेख म्हणजे थोडं प्रायश्चित्त आहे, पण मुख्यतः त्या वेष्टनावरच्या वाक्याची तपासणी आहे. कारण ते वाक्य आता खूप वस्तूंवर दिसतं, आणि निम्म्या वेळा ते खोटं असतं.

आधी कात्री समजून घेऊ. कात्रीची दोन पाती एकमेकांना घासत जातात तेव्हा कागद कापला जातो. त्यांच्यामध्ये केसभर फट पडली तरी कागद वळतो. ही फट बंद ठेवण्याचं काम खिळा एकटा करत नाही, आपला हातही करतो. मूठ मिटताना अंगठा नकळत बाहेर रेटतो आणि बोटं आत ओढतात. नेहमीच्या कात्रीत वरचं पातं उजव्या बाजूला असतं, त्यामुळे उजव्या हाताच्या या रेट्याने पाती एकमेकांवर दाबली जातात. तीच कात्री डाव्या हातात गेली की रेट्याची दिशा उलटते आणि पाती एकमेकांपासून दूर ढकलली जातात. शिवाय डावखुऱ्या माणसाला कापायची रेघ वरच्या पात्याआड गेलेली असते. त्याला वाकून, मान वळवून, अंदाजाने कापावं लागतं.

इथे उजव्या माणसाला हमखास सुचणारा उपाय म्हणजे "मग कात्री उलटी धर." कागद-कात्री घेऊन करून पाहा. कात्री कशीही फिरवली, वरची बाजू खाली केली, तरी वर येणारं पातं पुन्हा उजवीकडेच येतं. उजव्या पायाचा बूट उलटा केला म्हणून डाव्या पायाचा होत नाही, तसंच हे. डाव्या हाताची कात्री हवी तर पाती आरशातल्यासारखी उलट जोडलेली हवीत. म्हणजे कारखान्यात ती वेगळीच बनवावी लागते.

लेकीच्या कात्रीत काय केलं होतं? मुठीची दोन्ही कडी सारखी गोल केली होती. अंगठ्याला उतार नाही, बोटांना खाच नाही. डाव्या हातात ती टोचत नव्हती, एवढंच. पाती मात्र उजवीच होती. मराठीत निःपक्षपातीपणाला आपण 'डावं-उजवं न करणं' म्हणतो. उत्पादकाने ते मुठीपुरतं पाळलं. पात्यापर्यंत पोचल्यावर डावा हात पुन्हा डावलला गेला. डावलणं या आपल्या क्रियापदातच डावा बसलेला आहे, हेही मला या निमित्ताने नव्याने दिसलं.

मी इथे जी टीका करते आहे ती अवजार आरामदायी करण्याच्या कल्पनेवर नाही. त्या कल्पनेने फार मोठं काम केलं आहे. आपल्यापैकी अनेकांच्या स्वयंपाकघरात काळ्या, जाड, रबरी मुठीचं एक सोलाणं असेल. ऑक्सो कंपनीची 'गुड ग्रिप्स' ही मालिका १९९० साली बाजारात आली. सॅम फार्बर या निवृत्त उद्योजकाची पत्नी बेट्सी हिला संधिवात होता आणि बारीक पत्र्याच्या सोलाण्याने तिचे हात दुखत. त्यातून त्यांनी न्यूयॉर्कच्या 'स्मार्ट डिझाइन' या संस्थेकडून ही मूठ घडवून घेतली. मूठ जाड, कारण दुखऱ्या हाताला घट्ट आवळणं जमत नाही. आकार लंबगोल, म्हणजे ओल्या हातात फिरत नाही. आणि अंगठा-तर्जनीच्या जागी दोन्ही बाजूंना बारीक पट्ट्या. दोन्ही बाजूंना, हे महत्त्वाचं. तिथे डाव्या हातालाही तेवढीच जागा आहे. पातंही फिरतं आणि त्याला दोन्ही कडांना धार असते. दुखऱ्या हातासाठी केलेली वस्तू धडधाकट माणसांनीही उचलली आणि ती घरोघर गेली.

त्याच दशकात, १९९७ साली, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात रोनाल्ड मेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वांसाठीच्या रचनेची सात तत्त्वं मांडली. मेस वास्तुरचनाकार होते. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे चाकाची खुर्ची वापरत. त्यांच्या दुसऱ्या तत्त्वाखाली डाव्या आणि उजव्या दोन्ही हातांनी वापरता यावं, ही अपेक्षा नोंदवलेली आहे. सिंगापूरने इमारतींच्या बाबतीत हा विचार मनावर घेतलेला आपण रोज पाहतो. अडथळामुक्त इमारतींची नियमावली इथे १९९० पासून आहे. २०१२ पासून 'ईज' योजनेत ज्येष्ठांच्या सरकारी घरांमध्ये न्हाणीघरात आधाराचे दांडे बसवून मिळतात. पण जिना, उतार, दांडा यांना नियम असतो. कात्री आणि सुरीला नसतो. तिथे सगळा भरवसा वेष्टनावरच्या वाक्यावर.

आणि ते वाक्य आपण तपासत नाही, कारण अवजार आपण डोळ्यांनी निवडतो. पाहुणे आले की आम्ही त्यांना रेड डॉट डिझाइन म्युझियमला नेतो. २००५ साली मॅक्सवेल रोडवर, वाहतूक पोलिसांच्या जुन्या लालभडक इमारतीत ते सुरू झालं; २०१७ पासून मरीना बेच्या काठावर आहे. तिथून बाहेर पडताना प्रत्येक जण थोडा अधिक चोखंदळ होतो, यात शंका नाही. पण कोणत्याही डिझाइन संग्रहालयात प्रेक्षकाने वस्तू बघायची असते, तिने कांदा चिरायचा नसतो. डोळ्याला सममिती दिसली की तो समाधानी होतो. दोन्ही बाजू सारख्या, म्हणजे दोन्ही हातांना न्याय, असा त्याचा साधा हिशोब. कात्रीत हा हिशोब चुकतो, कारण अन्याय मुठीत नसून पात्यांच्या जोडणीत आहे, आणि जोडणी काचेतून कळत नाही.

याच्या उलट चूकही होते. 'हाताला अचूक बसणारी' म्हणून विकली जाणारी मूठ पाहा: अंगठ्याला खोलगट जागा, चार बोटांना चार खाचा, तळव्याला फुगवटा. ती उजव्या हातात घेतली की खरंच सुख वाटतं. तीच डाव्या हातात घ्या. प्रत्येक फुगवटा नको तिथे येतो. साधी गोल दांडी डावखुऱ्याला परवडली असती. उजव्या हाताचा आराम जितका बारकाईने साधावा, तितकी डाव्याची अडचण वाढते. आराम हा शब्द एकटा वापरताच येत नाही. कोणाच्या हाताचा, हे विचारावं लागतं.

आपल्या जुन्या स्वयंपाकघरातली बरीच अवजारं या कचाट्यातून सुटलेली आहेत, आणि त्यात पूर्वजांच्या थोरवीपेक्षा त्यांच्या घडणीचा वाटा मोठा आहे. लाटणं कातारी कातून काढतो, म्हणून ते गोल. रवी गोल, मुसळ गोल, वरवंटा गोलसर. लोखंडी सांडशीची दोन्ही बाजू सारखी. कातकामात अंगठ्याची खाच काढता येत नाही, म्हणून तिथे डावं-उजवं शिरलं नाही. साचा आला, प्लॅस्टिक आलं, तेव्हा मुठीला हवा तो आकार देणं शक्य झालं आणि तो आकार साहजिकच दहातल्या नऊ हातांचा झाला. जगात साधारण दहा माणसांत एक डावखुरं असतं. बाजाराच्या दृष्टीने तो एक हात कमी आहे. एका वर्गात मात्र तो तीन-चार मुलांचा असतो.

या सगळ्यात विळी मला सर्वांत विचार करण्यासारखी वाटते. आईने ती पहिल्याच फेरीत सामानाच्या बॅगेत, जुन्या साडीत गुंडाळून आणली. मिटणारी, खवणीवाली. मला तेव्हा लाज वाटली होती. इथे इतक्या सुऱ्या मिळत असताना विळी कशाला? आता कळतं की विळीत एक मूलभूत फरक आहे. सुरीत भाजी स्थिर आणि पातं हातात. विळीत पातं पाटाला जखडलेलं आणि भाजी हातात. मूठच नाही, त्यामुळे मुठीचा प्रश्न नाही. पातं सरळ समोर उभं. कोबीचा गड्डा कोणत्या हाताने रेटायचा आणि कोणत्या हाताने चिरलेलं ओढायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. पाटावर डावा पाय ठेवायचा की उजवा, तेही. नारळाची वाटी खवणीवर दोन्ही हातांनी फिरते.

कंदिलाच्या संध्याकाळी आईने पहिल्यांदा नीट सांगितलं. पाटीवर डाव्या हाताने अक्षर काढलं की पट्टी बसायची. प्रसादाला डावा हात पुढे आला की मागे ओढला जायचा. सासरी पंगतीत वाढताना तर डाव उजव्याच हातात हवा. "पण विळीवर बसले की कोणी बघत नसे. चिरलेली भाजी बारीक आहे ना, एवढंच बघत. पन्नास वर्षं मी डाव्याच हाताने चिरतेय. तुझ्या लक्षात आलं का कधी?" नव्हतं आलं. मी तिला हजारो वेळा विळीवर बसलेलं पाहिलं आहे.

म्हणून विळीची आरती ओवाळावी असं मात्र नाही. उघडं पातं घरात रांगतं मूल असताना भीतिदायकच. जमिनीवर बसणं आईच्या गुडघ्यांना आता झेपत नाही. विळी वर्षातले बरेच महिने कपाटात असते. डाव्या-उजव्याला सारखं वागवणाऱ्या या अवजाराने म्हाताऱ्या गुडघ्याला आणि लहान बोटाला डावललंच आहे. ऑक्सोच्या मुठीने नेमक्या अशाच दुखऱ्या सांध्यांची दखल घेतली होती. तिच्या जातीच्या मऊ मुठींत दुसरी खोट निघाली: आमच्याकडची एक स्वस्त रबरी मूठ इथल्या दमट हवेत तीन-चार वर्षांत चिकट झाली आणि टाकून द्यावी लागली. सगळ्या हातांना, सगळ्या वयांना, सगळ्या हवेला पुरेल असं एकच अवजार मी अजून पाहिलेलं नाही.

मग अपेक्षा काय ठेवायची? माझ्या मते प्रामाणिक अवजारं दोन प्रकारची. पहिला प्रकार, ज्याला हाताशी खरंच देणंघेणं नाही. विळी त्यातली. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं सोलाणं त्यातलं. आल्फ्रेड नेवेचेर्झाल यांनी १९४७ साली स्वित्झर्लंडमध्ये केलेलं 'रेक्स' आजही त्याच आकारात मिळतं. मॅक्सवेलच्या हॉकर सेंटरमध्ये चिकन राइसवाला कोंबडी तोडतो तो चौकोनी चिनी सुराही सहसा याच जातीचा: धार दोन्ही अंगांनी उतरती, दांडी गोल.

दुसरा प्रकार, ज्याला हात आहे आणि जो तसं सांगतो. जपानी पद्धतीची मासे कापायची सुरी एकाच अंगाने धार लावलेली असते. उजव्या हाताची सुरी डाव्या हातात घेतली की काप तिरका जातो. जपानी कारागीर यावर पांघरूण घालत नाहीत; डाव्या हाताची सुरी वेगळी घडवतात आणि तिचे पैसे जास्त घेतात. जास्तीचे पैसे टोचतात, पण फसवणूक होत नाही. लंडनच्या सोहो भागात १९६८ साली केवळ डाव्या हाताच्या वस्तूंचं दुकान निघालं, तेही याच सरळ समजुतीवर.

तिसरा प्रकार म्हणजे लेकीची कात्री. समतेचं वाक्य वेष्टनावर आणि उजवेपण पात्यात. मला हा प्रकार उघड उजव्या कात्रीपेक्षा वाईट वाटतो. उघड उजवी कात्री असती तर मी म्हटलं असतं, हिला दुसरी आणू. 'दोन्ही हातांसाठी' वाचल्यामुळे मी म्हटलं, "नीट धर." दोष अवजाराचा होता, तो मुलीच्या हाताला चिकटला. आईच्या वेळी पट्टी होती. आता पट्टी गेली, पण मूल स्वतःलाच वेंधळं समजायला लागतं, हा परिणाम फारसा वेगळा नाही.

यावर खर्चाचा मुद्दा येतो, आणि तो खरा आहे. थोड्या गिऱ्हाइकांसाठी वेगळी पाती जोडणं महाग पडतं. पण सगळीकडे वेगळं बनवावं लागत नाही. मापाच्या भांड्यावर आकडे दोन्ही अंगांना छापायचे, म्हणजे डाव्या हातात धरल्यावर ते पलीकडे जात नाहीत. सॉसपॅनला तोटी एका बाजूला असते तिथे दोन बाजूंना काढायची. ब्रेडच्या सुरीचे दाते एकाच अंगाने घासलेले असले की डावखुऱ्याचा काप वाकडा जातो. ते दोन्ही अंगांनी घासायचे. याला खर्चापेक्षा लक्ष जास्त लागतं.

हे लक्ष भारतातही कुठेकुठे दिलं गेलं आहे, पण अर्ध्या वाटेपर्यंत. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स यांनी भारत सरकारला दिलेल्या अहवालात साध्या लोट्याचं कौतुक केलं. तो वापरणाऱ्या हाताचा आकार केवढा, ताकद किती, तो बाईचा की पुरुषाचा, असे प्रश्न त्यांनी मांडले. त्यातून पुढे अहमदाबादची एनआयडी उभी राहिली. पवईच्या आयआयटीत १९६९ साली औद्योगिक रचनेचं केंद्र निघालं. १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांनी भारतीय शरीरांच्या मापांचं पुस्तक एनआयडीतर्फे प्रसिद्ध केलं, तेव्हा परदेशी मापांवर विसंबणं कमी झालं. पण तळहाताची लांबी-रुंदी मोजता येते. डावं-उजवं हे मापच नव्हे, तो दिशेचा प्रश्न आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने भातकापणीसाठी दातेरी 'वैभव' विळा दिला. अशा दातेरी पात्याला धार एकाच अंगाने असेल, तर डावखुऱ्या बाईच्या हातात तो उलटा पडणार. उक्त्याने कापणी करणाऱ्या बाईला ती अडचण कंदिलाच्या झिरमिळीएवढी नसते. ती तिच्या दिवसाच्या पैशांत दिसते.

आपण परदेशी राहणाऱ्यांनी एवढं तरी करावं. मुलांसाठी कात्री घेताना ती उघडून समोर धरावी आणि वरचं पातं कोणत्या बाजूला आहे ते बघावं. डावीकडे असेल तरच ती डाव्या हाताची. मुठीचा रंग आणि वेष्टनावरचं वाक्य नंतर वाचावं. शाळेत शिक्षकांना हे शांतपणे दाखवावं. आमच्या शिक्षिकेने ऐकून घेतलं आणि वर्गासाठी दोन डाव्या कात्र्या मागवल्या.

आमच्याकडेही खरी डाव्या हाताची कात्री आली. लेकीने पहिलीच झिरमिळी सरळ कापली आणि मग रद्दीतल्या वर्तमानपत्राची वाट लावली. मी ती कात्री सहज उजव्या हातात घेऊन दुधाची पिशवी कापायला गेले. प्लॅस्टिक पात्यांत दुमडलं. नीट धरली होती, तरी दुमडलं. मग आईने मागितली. डाव्या हातात घेऊन तिने कागदाला एक लांब काप दिला. रेघ मध्येच थोडी वळली. तिने कात्री उजव्या हातात घेतली, पुन्हा डाव्यात घेतली, आणि म्हणाली, "लिहायचा हात तर गेलाच. हा जरा सवयीने येईल." कात्री आता विळीशेजारच्या खणात असते, आणि भाजीची पिशवी उघडायची असली की ती कोणालाही न सांगता तीच काढते.